घराकडे तोंड केलेल्या सपाता

१९ नोव्हेंबर, सकाळ

चि. मिसुझुस,
अनेक आशीर्वाद.

काल इकडे पहिलं बर्फ पडलं. गरम झऱ्याची वाफ आणि बर्फ यांची अंगणात गाठ पडली की मला शाळेतली ती कविता आठवते. तीन ओळी म्हटल्या, चौथी काही आठवेना. ती नेहमी तुझी आई म्हणायची. फुसाएबाई ओरडल्या, "मालक, कविता पुरे! हौद कोण घासणार?" डोळा आता छान आहे. बाईंच्या सुरकुत्यासुद्धा दिसतात, पण हे त्यांना सांगितलेलं नाही.

ऑपरेशनसाठी सेंदाईला आलो तेव्हा तू मला तुझ्या नोकरीच्या हॉटेलात उतरवलंस. सारा जन्म जुन्या वळणाचं पाहुणघर, आपलं हे र्‍योकान चालवण्यात गेला, पण स्वतः पाहुणा म्हणून झोपलो तो पहिल्यांदाच. हॉटेल चांगलं आहे गं, खरंच. दार कार्डानं उघडतं. कुठून आलात, कधी जेवणार, कोणी विचारत नाही. तेही एक सुखच. फक्त अंथरूण आधीच घातलेलं पाहून चुकल्यासारखं झालं. आपल्याकडे पाहुणा टेकतो, चहा घेतो, झऱ्यात न्हाऊन येतो, खोलीतच जेवतो, आणि मग फुसाएबाई गादी घालायला येतात. तोवर खोलीला कळलेलं असतं, कोण आलंय ते. तिथे कोणीच आलं नाही, तेव्हा मीच पलंगाला "येतो हं" म्हटलं आणि आडवा झालो.

आणि माझे बूट! पावसात भिजलेले, सवयीनं खोलीच्या दाराबाहेरच काढले. तुमच्या काउंटरवरचे चष्मेवाले सकाळी हसून म्हणाले, "आजोबा, इथे बूट घालूनच आत जातात. नशीब, कोणी कचऱ्यात नाही टाकले!" टाकले नव्हतेच. दार उघडलं तेव्हा ते कोरडे होते, टाचा दाराकडे, तोंडं बाहेर, आत वर्तमानपत्राचे पिळलेले बोळे. अगदी तुझी आई पिळायची तसे. "कोणीतरी केलं असेल, बाबा," तू म्हणालीस आणि काउंटरवरचं पेन उगाच सरळ केलंस.

मी निघालो तेव्हा टॅक्सी वळेपर्यंत तू दारात उभी राहून हात हलवत होतीस. तुमच्याकडे तशी पद्धत नाही. बाकीच्यांना कोणी हात केलेला मी पाहिला नाही.

रविवारी आपलं घर विकत घेणाऱ्या कंपनीची माणसं येणार आहेत. चटया काढून पलंग घालतील, दारांना कार्डं लावतील. "विकून टाका बाबा, एकटे किती रेटणार?" असं तू म्हणालीस आणि मीही हो म्हटलं होतं. आई गेल्यावर तू सांगितलंस, तिच्या जागी फाटकात उभं राहून निघालेल्या पाहुण्यांना हात हलवणं तुला जमायचं नाही. तेव्हापासून तो विषय मी काढलेला नाही. आताही काढत नाही.

काल फुसाएबाईंनी विचारलं, "त्या लोकांना काय कळवू?"
"कळवा, जागा मोकळी नाही."
"एकही पाहुणा नाही घरात!"
"एक यायची आहे."
"आणि नाही आली तर?"
मी कविता पहिल्या ओळीपासून सुरू केली. बाई कपाळाला हात लावून उठून गेल्या.

थोड्या वेळानं बाहेर आलो, तर पायरीवर तुझ्या जुन्या निळ्या सपाता मांडलेल्या. तोंडं घराकडे. पाहुणा येणार हे पक्कं असलं की मांडतात ना, तशा. मी मांडल्या नाहीत. पण हलवल्याही नाहीत.

चौथी ओळ तुला येत असेल. लिहून पाठव. नाहीतर येऊन म्हण.

वाट पाहत नाही असं म्हणणारे,
तुझे बाबा