गडग्याच्या तळाचं भोक

व्हाकोआ, १८५८

आबा, धाकूचा दुरून नमस्कार.

इथे समुद्रापलीकडच्या या बेटावर, उसाच्या मळ्यात दगडांचा गडगा रचताना आपली काजूची बाग आठवते. तिथल्या गडग्याच्या तळाशी तुम्ही वीतभर भोक ठेवायचात. का, विचारलं की म्हणायचात, "गप रच." इथला पहिला गडगा मी सलग रचला, देखणा दिसावा म्हणून. वादळात त्यामागे पाणी तुंबलं आणि तो आडवा झाला. आता भोक ठेवतो, आणि शेजारच्या दगडावर टाकीने कारण कोरतो: पाण्याला वाट, बुजवू नये.

हे पत्र धाडत नाही. भटजी चारचौघांत वाचतील आणि तुम्ही पुन्हा गप म्हणाल.

भोकाचं कारण पाण्याने सांगितलं, आबा. मला बोटीवर चढवताना तुम्ही पाठ का फिरवलीत, ते कोण सांगणार?

तुमचा,
धाकू