बारा पक्ष्यांचे खुराडे

ता. ८ फेब्रुवारी १९३१, रविवार. सकाळ.

वस्तुस्थिती प्रथम क्रमाने नमूद करतो, मत नंतर.

एक. घरामागे, विहिरीच्या डाव्या अंगास, जांभ्या दगडाचे खुराडे आहे. आतून लांबी सहा फूट, रुंदी चार. आज स्वतः आत शिरून मोजले.

दोन. त्यात सतरा पक्षी राहतात. कोंबड्या अकरा, कोंबडे सहा.

तीन. मुंबईहून मागविलेल्या इंग्रजी पुस्तकाप्रमाणे दर पक्ष्यास दोन चौरस फूट जागा लागते. अर्थात बारा पक्षी.

चार. सहाही कोंबडे उजाडण्यापूर्वी आळीपाळीने आरवतात. मी एम. ए. (गणित) आहे, शाळेचा सीनिअर असिस्टंट आहे, आणि मेअखेर हेडमास्तर निवृत्त होत असल्याने जूनपासून ती खुर्ची माझी आहे. अशा माणसास झोप आवश्यक असते.

पाच. सतरातून बारा गेले. जास्त पाच.

आता मत. कळपास एक कोंबडा पुरतो. म्हणजे जास्तीचे कोंबडेही पाचच. उदाहरण इतके सरळ सुटले की त्यात निसर्गाचीच संमती असावी. रिझोल्यूशन: दर रविवारी एक कोंबडा, वड्यांबरोबर. मार्चच्या मध्यास खुराडे आदर्श.

रात्री. सौ. नाही म्हणाली नाही. आमटीभात वाढला.

ता. १५ फेब्रुवारी, रविवार.

आज स्वतः मागे जाऊन तांबड्याकडे बोट दाखविले. सौ. म्हणाली, तो नव्हे हो, तो नवसाला बोललेला आहे. कोणास, असे विचारले. तर माहेरच्या, देवरूखकडल्या राखणदाराला. कशासाठी? तुम्ही हेडमास्तर व्हावं म्हणून. काम झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

मग काळा दाखविला. तो माझे भूमितीचे पुस्तक छापून व्हावे म्हणून. ठिपक्यांचा, विहिरीच्या हद्दीचा तंटा मिटावा म्हणून. पांढरा माझ्या अपचनासाठी. राखी कशासाठी, ते सांगेना. राही (आमची भांडी घासते) तोंडाला पदर लावून म्हणाली, तो मास्तरांच्या रागासाठी, वहिनींनी गेल्या शिमग्यात गाऱ्हाणं घातलंन.

मला राग नाही. त्यामुळे हा नवस मुळातच रद्दबातल ठरतो, हे मी पुरेशा मोठ्या आवाजात समजावून सांगितले. राही भांडी तशीच टाकून गेली.

सारांश: माझे एकही काम झालेले नाही, म्हणून एकही कोंबडा कमी होत नाही. सहावा मोकळा आहे, पण तो गेला तर कळपास कोंबडाच नाही, कारण बोललेल्यांवर तीही जबाबदारी टाकू नये असे सौ.चे मत. आमटीभात.

ता. १६ फेब्रुवारी.

तर्काने विचार केला. कोंबडे कमी करण्याचा खरा उपाय म्हणजे कामे पार पाडणे. तांबडा जूनमध्ये निश्चित सुटतो. तोवर कोंबड्या कमी कराव्यात.

सायंकाळी. अकरापैकी तीन राहीच्या निघाल्या. तिने सौ.कडे अर्धेलीने पाळायला दिल्या आहेत. पिल्ले निम्मी तिची, निम्मी आमची. उरलेल्या आठ सौ.ने माहेराहून आणलेल्यांच्या लेकी. प्रत्येकीला नाव आहे. विषय सोडला.

ता. २२ फेब्रुवारी, रविवार.

हिशेबात चूक आढळली. दाराजवळची जागा आणि अंडी घालण्याची मडकी मी वजा केली नव्हती. खरा आकडा नऊ.

ता. २ मार्च.

पांढरा मुंगसाने नेला. दुःख आहेच, पण सोळा ही संख्या सतरापेक्षा सुधारणेच्या बाजूस आहे.

ता. ३ मार्च.

सौ.ने दोन कोंबड्या अंड्यांवर रवणीला बसविल्या. पांढरा बोलला आहे तर पांढराच द्यायला हवा, आणि तो अंड्यातून निघेपर्यंत थांबायला हवे, म्हणाली. अंड्यातून पांढरा नरच निघेल हे कशावरून, असे विचारले. म्हणाली, नाही निघाला तर पुन्हा बसवीन. मी तिला संभवगणित समजावू लागलो. दूध उतू गेले.

ता. २६ मार्च.

पिल्ले अकरा. पांढरे एकही नाही. एकूण सत्तावीस. पिल्लू म्हणजे पाव पक्षी असे धरून तूर्त पावणेएकोणीस. हे पिल्लांच्या वाढीपुढे फार दिवस टिकणार नाही.

ता. ५ एप्रिल, रविवार.

रिझोल्यूशन: पक्षी कमी होत नसतील तर जागा वाढवावी. नवे लाकडी खुराडे. प्रत्येकास स्वतंत्र कप्पा, व्हेंटिलेशन, दांडी जमिनीपासून दोन फूट. प्लॅन शाईने काढला. केरू सुतार प्लॅन उलटा धरून बराच वेळ पाहत होता. म्हणाला, मास्तर, कोंबड्या ऱ्हाणार का कलेक्टर?

ता. १९ एप्रिल.

दांड्या एका पातळीत नव्हत्या. उखडायला लावल्या. केरू म्हणाला, कोंबडी काय पाणसळ लावून बसते? राखी त्याच वेळी आरवला.

ता. २ मे, शनिवार.

खुराडे पूर्ण. निर्दोष. सौ.ला विचारले, आता सांग, किती मावतील? म्हणाली, जितक्या आहेत तितक्या मावतात. अशा उत्तरांमुळेच देश मागे आहे.

ता. ३ मे.

एकही पक्षी आत गेला नाही. जुने खुराडे मी बंद करून ठेवले होते; सबब सगळे फणसावर बसले. फणस माझ्या खिडकीशी.

ता. १० मे, रविवार.

झोप नाही. आज संस्थेच्या मंडळापुढे मुलाखत. उमेदवार दोन: मी, आणि भागोजी शिर्के. शिर्के बी. ए., तेही तिसऱ्या खेपेस. त्याच्या वर्गात मुले हसतात.

अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारला: जूनमध्ये मुले वाढणार आहेत, एका वर्गात किती बसवाल? असा प्रश्न माझ्यासाठीच तयार झाला होता. मी फळा मागितला. क्षेत्रफळ, दारालगतची जागा, दर मुलामागे हवा. उत्तर एकतीस. अध्यक्ष म्हणाले, पण मास्तर, गावची पन्नास पोरं आली तर? म्हणालो, एकोणीस परत पाठवावीत. ते म्हणाले, अहो, ही माणसांची पोरं आहेत, कोंबड्या नव्हेत. यावर कोंबड्यांविषयी त्यांचे जे अज्ञान दिसले ते मी दूर केले. आवाज किंचित चढला असेल.

शिर्के दोन मिनिटांत बाहेर आला. काय सांगितलेस, विचारले. म्हणाला, जितकी येतील तितकी बसवू, सरकून बसतील.

एकूण मुलाखत उत्तम झाली.

ता. १८ मे, सोमवार.

शिर्के.

ता. १९ मे.

काही लिहिण्यासारखे नाही. जुने खुराडे उघडले. सगळे आत गेले. मावले.

ता. ३१ मे, रविवार.

सौ.ला शांतपणे सांगितले की तांबड्याचे कारण संपले, आज तो करावा. म्हणाली, संपलं कसं? शिर्केही कधीतरी निवृत्त होतील. शिर्के माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे, असे दाखवून दिले. म्हणाली, राखणदाराला घाई नसते.

ता. ७ जून, रविवार.

शिर्के पेढे घेऊन आला. पेढे ठेवल्यावरही उठेना. शेवटी म्हणाला, मास्तर, आईनं याच कामासाठी कोंबडा बोलला होता, पण आमच्याकडे पाळलेला नाही, तुमच्याकडे पुष्कळ आहेत असं ऐकतो. मी उत्तर जुळवीत होतो तोच सौ.ने मोकळा, सहावा, त्याच्या हाती दिला. बिनबोललेला एवढा एकच होता.

कळपाचे काय, असे नंतर विचारले. म्हणाली, मग आता काळा बघेल. तुमचं पुस्तक काही इतक्यात छापून होत नाही.

ता. १३ जून, शनिवार.

शिर्क्यांकडे प्रसादाचे जेवण. न जाण्याचा निश्चय होता. सौ.बरोबर गेलो. त्यांच्या आईने, तुमच्या कोंबड्यानं लाज राखलीन हो, म्हणून आग्रहाने वाढले. दोनदा घेतले. वडे चांगले होते.

ता. १४ जून, रविवार.

सौ. सकाळी म्हणाली, राखी द्यायला आता हरकत नसावी. काल तुम्ही तिथे एका शब्दानं रागावला नाहीत, मी पाहत होते. डोळे पुसत होती. हे ऐकताच मला जो संताप आला त्यात पाण्याचा तांब्या अंगणात गेला. सौ.ने तांब्या उचलला, पोचा पाहिला, आणि राखीला परत खुराड्यात घातले.

एकूण सव्वीस. मर्यादा नऊ. संस्थेच्या चिटणिसांना उद्या देण्याचा मसुदा:

‘माझ्या उरलेल्या नोकरीत मी हेडमास्तर होण्याचा संभव आहे किंवा नाही, असल्यास कोणत्या वर्षी, नसल्यास तसे स्पष्ट. माझ्या परसातील एका तांबड्या पक्ष्याचा निकाल यावर अडला आहे. तोंडी आश्वासन माझ्या घरी ग्राह्य धरले जात नाही. तरी पंधरा दिवसांच्या आत, सहीशिक्क्यानिशी, लेखी उत्तर द्यावे.’