चुलीपाशी लिहिलेली वही

कुडवा, गोंदिया
९ फेब्रुवारी २०१४

प्रिय संघदीप,

तुझं पाकीट मिळून सतरा दिवस झाले. मध्ये तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी हिमांशूला खुणेनं सांगितलं, बाबा आंघोळीला गेलेत म्हण. पोरगा वैतागला. म्हणाला, "तो तिकडून अमेरिकेतून फोन लावून राहिला अन् तुम्ही दिवसभर आंघोळच करून राहिले!" खरं सांगतो, तिकडच्या तुझ्या बारेला सरांच्या बाजूनं शाळेच्या मंडळापुढे वाचायला तू जे पत्र मागितलंस, ते मी चारदा लिहिलं आणि चारदा फाडलं.

पाकिटातला सरांचा फोटो मात्र रोज पाहतो. वर्गाच्या भिंतीला लागून पुठ्ठ्याची खोकी, त्यांत कोंबलेली पुस्तकं आणि शेजारी हाताची घडी घालून उभे सर. माणूस परका वाटत नाही. आपल्या नवेगाव बांधच्या बाजारात उभा केला तर कोणीही विचारेल, कोणत्या गावचे जी तुम्ही? तू समजावून लिहिलंस ते बरं केलंस. मूळ मेक्सिकोकडचे, पण कित्येक पिढ्या तिथंच राबलेले हे लोक स्वतःला अभिमानानं चिकानो म्हणवतात. त्यांच्या मुलांना शाळेच्या पुस्तकात आपला आजा-पणजा कुठं सापडत नव्हता, म्हणून सरांनी त्यांचा इतिहास वर्गात आणला. शाळा सोडणारी पोरं टिकायला लागली, पास व्हायला लागली, आणि नेमका तेव्हाच विषय बंद करण्याचा हुकूम आला. का, तर म्हणे त्यानं पोरांच्या मनात द्वेष भरतो! हे वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. इकडचे साहेब आणि तिकडचे साहेब एकाच शाळेत शिकले की काय, असं वाटलं.

सातवीच्या पुस्तकातली समुद्राची कविता तुला आठवते? मी डोळे मिटून, चाल लावून म्हणत होतो. माझं ते वेडच होतं, कविता आली की घंटा ऐकू यायची नाही. आणि तू मध्येच उठलास, "गुरुजी, समुद्र आपल्या बांधाहून मोठा राहते का जी?" वर्ग हसला. मला हसू आलं नाही. तीस वर्षं समुद्र शिकवत होतो आणि तो मीही कधी पाहिला नव्हता. तुमच्या दारातला एवढा मोठा बांधाचा तलाव, त्यावर हिवाळ्यात उतरणारी पाखरं, मासे, धानाचा रोवणा, यातलं एक अक्षर त्या पुस्तकात नव्हतं. वर तुमच्या तोंडून घरची झाडीबोली निघाली की 'नीट बोल' म्हणून दटावणारा मीच.

त्याच शनिवारी वही सुरू केली. सन दोन हजार तीन. तुझी आजी कुसुमबाई तेव्हा शाळेत खिचडी शिजवायची. खिचडी होईपर्यंत आपण सगळे तिच्या चुलीभोवती बसायचो. ती पळी फिरवत सांगायची आणि तुम्ही पोरं पाळीपाळीनं तिच्याच बोलीत लिहून घ्यायचात. माशांची नावं, रोवण्यातली गाणी, छप्पन साली बापाबरोबर बैलबंडीनं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तो प्रवास. मी आयुष्यात शेकड्यांनी कविता शिकवल्या, पण वर्ग असा कान देऊन कधी बसला नव्हता. धुरानं डोळे चुरचुरायचे आणि कोणी उठायचं नाही.

एका शनिवारी तिनं कोळशाची गोष्ट सांगितली. मला ती अजून तिच्याच आवाजात ऐकू येते. "शाळेत मले ओसरीत बसवत. पाटी दुरून फेकत. मंग मी चुलीतला कोळसा घेतला अन् बांधाच्या भितीवर मोठ्ठं नाव लिवलं, कुसुम. बांध गावच्या मालगुजाराचा. त्यानं गडी लावून भीत धुवून घेतली. भीत धुतली, पर अक्षर त माज्या हातात होतं ना बाबू!" ते पान तुझ्या वर्गातल्या रीतानं लिहिलं, कारण तिचं अक्षर सर्वांत सुबक. वही घरी न्यायची पाळीही तिचीच होती. आणि जेवताना तिनं आजोबांना सरळ विचारलं, "आबाजी, तो मालगुजार आपलाच होता का?"

तिचे आजोबा शालीकरामभाऊ, शाळेच्या समितीचे अध्यक्ष. सोमवारी सकाळी प्रार्थनेलाच हजर. "गुरुजी, कवितेचे मास्तर ना तुम्ही? मंग कविता शिकवा. मेलेल्या लोकायची धुणी काऊन धुवून राहिले?" आठ दिवसांत वरून साहेब आले. वही गेली. कुसुमबाईचं काम गेलं. चुलीवर दुसरी बाई आली, आणि शनिवारी आपण पुन्हा समुद्राची कविता म्हणू लागलो.

एवढं तुला माहीत आहे. याच्यावरूनच तू बारेला सरांना सांगितलंस की आमचेही एक गुरुजी होते, त्यांना दाबलं पण ते वाकले नाहीत.

वहीसाठी मी गोंदियाच्या ऑफिसात सहा वर्षं चकरा मारल्या, हे खरं. दर वेळी एकच उत्तर, फाईल वर गेली. वर म्हणजे कुठं, ते कोणी सांगेना. शेवटी टेकचंद नावाच्या बाबूनं चहा पाजून म्हटलं, "गुरुजी, छोडो ना. बच्चों की कॉपी है, कोई जमीन का कागज थोड़े है." मी चहा अर्धा टाकून उठलो. चीड त्याची नव्हती रे. त्या फाईलमध्ये वहीच्या वर काय लावलं आहे, ते मला ठाऊक होतं.

वही नेली त्या दिवशी साहेबांनी मजकूर स्वतः सांगून कारकुनाकडून लिहून घेतला होता. 'सदर लिखाण माझ्या परवानगीशिवाय, स्वयंपाकी बाईच्या चिथावणीवरून विद्यार्थ्यांनी केले.' माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. मी कागद वाचला. शुद्धलेखनाच्या दोन चुका दिसल्या, त्या लाल पेनानं दुरुस्त केल्या, आणि खाली सही केली. बघ, काय मास्तर होता तुझा! त्या एका कागदावर तुझ्या आजीला घरी बसवलं. समितीनं नाही, साहेबांनी नाही, माझ्या सहीनं.

तिला ते कळलं होतं. तो कागद तिच्यासमोरच वाचून दाखवला होता. मी संध्याकाळी तुमच्या घरी गेलो तेव्हा ती तांदूळ निवडत होती. बस म्हणाली नाही. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "पोट्ट्याले सांगू नका. त्याले शिकाचं आहे. एक तरी मास्तर चांगला वाटू द्या त्याले." मी मान डोलावली. फार सोपं गेलं मला ते. अकरा वर्षं मी तिचा शब्द पाळतो आहे असं स्वतःला सांगत आलो, आणि तू दर पत्रात 'पूज्य गुरुजी' लिहीत आलास.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. तू येऊ शकला नाहीस. मातीला मी होतो, मागं उभा. तिच्या शब्दाच्या आड आता लपायचं तरी कसं? म्हणून हे लिहितो आहे. तू मागितलेलं पत्र हेच. मंडळापुढे वाच, पण लढलेल्या मास्तरचं म्हणून वाचू नकोस. सांग, हा सही केलेला माणूस आहे. आणि बारेला सरांना माझा एवढा निरोप दे, की त्यांच्यापुढेही एक दिवस असा कागद येईल, नीट टाईप केलेला, एकही चूक नसलेला. तेव्हा पेन खिशातच ठेवा म्हणावं. वाचून झाल्यावर मला फोन करावासा वाटला तर कर, नाही वाटला तरी समजेन. केलास, तर या वेळी मी आंघोळीला गेलेलो नसेन.

तुझाच म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल, तर तुझाच,
केवळराम गुरुजी