जुन्या पापण्या

१२ जानेवारी २०२५, रविवार

पोहोचलो एकदाचे! चांदणी चौकातून निघाल्यापासून आई काचेला नाक लावून बसली होती. पौड मागे पडलं, मग कापणी झालेली भातखाचरं, आणि एका वळणावर अचानक धरणाचं पाणी. आईने चक्क टाळ्या वाजवल्या. गाडी चालवणाऱ्या माझ्या भावाने, रवीने, आरशातून मला डोळा मारला. मला काही परत मारता आला नाही, टाके ओढतात!

बंगला रवीच्या मित्राचा. दोन खोल्या, पाण्याकडे तोंड केलेली पडवी, मागे फणस. राखण करणाऱ्या सारजाबाई जवळच राहतात, दिवसभर येऊन-जाऊन असतील. रवी १ फेब्रुवारीला न्यायला येईल. तोवर मी, आई आणि ही वही. मोबाइल, लॅपटॉप डॉक्टरांनी जवळजवळ बंदच केलेत. दिवसाला एखादं पान लिहायची मुभा दिलीय.

सारजाबाईंनी चिलापीचं कालवण आणलं. आईने काटे स्वतः काढले. बऱ्याच दिवसांनी मला हलकं वाटतंय.

१३ जानेवारी

इथे का आले ते एकदा लिहून टाकते.

माझ्या पापण्या आईसारख्या होत्या. जड, घडी नसलेल्या, डोळ्यांवर उतरलेल्या. शाळेत मला 'झोपाळू' म्हणायचे. पुढे ऑफिसच्या मीटिंगा कॅमेऱ्यावर सुरू झाल्या आणि साहेब रोज विचारायला लागले, प्रियदर्शिनी, बरं वाटत नाहीये का? गेल्या वर्षी मी पापण्यांवर घडी पाडून घेतली. उजवी फार वर गेली, डावी खाली राहिली. सतत दचकल्यासारखी दिसायला लागले.

त्याचंही मला काही वाटलं नसतं. पण पट्ट्या काढून घरी आले, तर आईने रवीला विचारलं, या बाई कोण?

तिचा विसराळूपणा आधीच सुरू झाला होता. तिचे डॉक्टर म्हणाले, आजार पुढे सरकलाय, डोळ्यांचा काही संबंध नाही. असेल तसं. पण माझा जुना फोटो दिला की ती त्याचा मुका घेते. आणि फोटो धरणाऱ्या मलाच सांगते, बघा बाई, ही माझी प्रिया.

म्हणून गेल्या शुक्रवारी दुसरं ऑपरेशन केलं. आतला व्रण सोडवून, पोटाची थोडी चरबी भरून, घडी जमेल तितकी पुसायची. डॉक्टर म्हणाले, अगदी पूर्वीसारखं होणार नाही, जवळपास जाऊ. मला जवळपास चालेल.

१५ जानेवारी

सकाळी दाट धुकं. आईने हात जोडून त्रिशरण म्हटलं, एक शब्द चुकला नाही. मग मला म्हणाली, बाई, तुम्हीही म्हणा.

दुपारी डोळ्यांत मलम घालून पडले होते. मलम घातलं की अर्धा तास सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसतं. पडवीत आई कुणाशी तरी बोलत होती. सारजाबाई असतील असं वाटलं. नंतर विचारलं तर म्हणाली, प्रिया आली होती.

मला रडू आलं, आनंदाने. निदान आठवण तरी काढते माझी. ताटातला भातही सगळा संपवला होता.

१७ जानेवारी

टाके काढायला बावधनला गेले. आईपाशी सारजाबाईंना बसवलं. डॉक्टर खूश होते. आरशात सुजलेली, निळसर, पण मीच होते! येताना सगळ्या रस्त्यात तोंडपाठ करत होते, आत जायचं, वाकायचं, म्हणायचं, आई, बघ कोण आलंय.

पडवीत आई एकटी. सारजाबाईंचा पत्ता नाही. आईच्या केसांना तेल लावून कुणीतरी पाच पेडांची वेणी घातली होती. तशी वेणी मी घालते. सारजाबाईंना येत नाही.

वाकले. म्हटलं. आईने निरखून पाहिलं आणि म्हणाली, "उशीर केलात बाई. प्रिया आत्ताच गेली."

सारजाबाईंच्या घरी जाऊन मी चढ्या आवाजात विचारलं. त्या गोंधळल्या. "अवो, तुमची भैन आली न्हवं? तीच म्हनली, मावशी तुमी जावा, मी हाय आईपाशी. लई मायेची हाय बघा. डोळं तर आईवानीच."

मला बहीण नाही.

१९ जानेवारी

आज पाहिली. मलम घातलेलं नव्हतं. दुपारचं लख्ख ऊन होतं.

स्वयंपाकघराच्या दारातून दिसली. खांबाला टेकून बसलेली. तिच्या मांडीवर आईचं डोकं. ती आईच्या कपाळावरून हात फिरवत होती. मग तिने वर पाहिलं.

माझे डोळे होते. घडी नसलेले, जड, कुणी कधी सुई न लावलेले. त्यांत राग नव्हता. माझी कीव होती. ते जास्त भयंकर होतं.

मी एक पाऊल टाकलं आणि पडवीत फक्त आई उरली. ती उठली आणि मला मारायला लागली. डोळ्यांवर मारू नये म्हणून मी हात आडवे धरले. "घालवलंस तू तिला," म्हणत हुंदके देत होती. संध्याकाळी जेवली नाही.

२१ जानेवारी

काल दिवसभर आई उपाशी. आज दुपारी मी स्वतःहून आतल्या खोलीत गेले. दार लावून घेतलं.

ती आली. ताटाचा आवाज. आई हसली.

दाराला कान लावून बसले. आई तिला माझ्या जन्माची गोष्ट सांगत होती. वाशीमच्या सरकारी दवाखान्यात. तीन दिवस मी डोळेच उघडले नव्हते म्हणे. बायका म्हणायला लागल्या, पोर आंधळी आहे. आई मला मांडीवर घेऊन पापण्यांवरून अंगठा फिरवत राहिली. चौथ्या दिवशी उघडले. "सगळ्यात पहिलं मला बघितलंस तू," आई म्हणाली.

मला हे कधी सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं.

२४ जानेवारी

सारजाबाईंनी विचारलं, तुमी कवा आलात? कुनाच्या पावन्या?

मला वाटलं गंमत करतायत. म्हटलं, मी प्रिया. त्या पडवीकडे बघून हसल्या — प्रियाताई तितं हायेत की.

दोनच ताटं वाढली.

२७ जानेवारी

रवीला फोन लावला. म्हटलं, आत्ता ये, आजच ये. तो म्हणाला, ताई, पाच मिनिटांपूर्वी तर बोललो आपण, आई मजेत आहे म्हणालीस. मग विचारलं, कोण बोलतंय?

मी म्हटलं, मी.

त्याने ठेवला. परत लावला — उचलत नाही.

२९ जानेवारी

सूज उतरली. आरसा बराच वेळ धरून होते. घडी नाही, व्रण नाही. डॉक्टर म्हणाले होते, असं होणारच नाही. झालंय. हुबेहूब.

आईसमोर जाऊन उभी राहिले. ती माझ्यातून आरपार पाणी बघत राहिली —

ती दुसरी आता जात नाही. सकाळीही असते. आईबरोबर त्रिशरण म्हणते. माझ्या आवाजात.

३१ जानेवारी

आवाज बसलाय. बसला नाही — गेलाय.

आई जेवते. गाते. अंगावर मूठभर मांस आलंय. मी होते तेव्हा —

रागवू तरी कशी तिच्यावर. माझ्यापेक्षा चांगलं करते ती आईचं.

१ फेब्रुवारी

रवी आला. गाडी दारात. ती बॅगा भरतेय. माझ्या.

रवी तिला म्हणाला, ताई, किती छान झालं गं, ऑपरेशन केलंय असं वाटतच नाही. मी त्याच्या वाटेत उभी राहिले. तो वळसा घालून गेला. वाटेत कोण उभं आहे हे न बघता —

आई गाडीत बसत नाहीये. उतरली. इकडे येतेय. एकटीच.

समोर थांबली. माझ्या डोळ्यांत बघितलं. मग पापण्यांवरून अंगठा फिरवला, आधी उजव्या, मग डाव्या. आणि विचारलं, "कुणाची गं लेक तू?"

माझे ओठ हलतायत नुसते. वाचता येतं तिला अजून. तिच्यासमोरच लिहितेय, वही तिच्याकडे करून. रवी हॉर्न वाजवतोय. ती उतरली गाडीतून, आईला न्यायला — पायरीवर — आई जाऊ नकोस, वाच — आई, मी तु