लुपेचे नाव असलेले पवित्र शास्त्र

मी, सिनिवा, दिवंगत उएले यांची पत्नी, वय वर्षे एकसष्ट, धंदा चटया विणणे, राहणार फालेसिना, बेट उपोलू, सामोआ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. गुरुवारी शहरात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, त्याची धास्ती आहे. अक्षर वाकडे आले म्हणून कोणी संशय घेऊ नये. आधीचे मृत्युपत्र मी फाडून चुलीत घातले आहे.

१. ज्या जमिनीवर मी राहते ती कुळाची आहे. ती मला कोणाला देता येत नाही आणि कोणी माझ्या नावाने मागूही नये. तिच्यावरचे पत्र्याचे घर, स्वयंपाकाची खोपी आणि बँकेत असेल ते सगळे माझा मुलगा पोआसा याला द्यावे. तो ऑकलंडला असतो. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही मी त्याच्यावरच सोपवते. ते तो करील की नाही, याची मला शस्त्रक्रियेपेक्षा जास्त भीती वाटते. कारण चौथ्या कलमात आहे.

२. केवड्याच्या पाती चिरायची सुरी, पाती दाबायचे दगड आणि अर्धी विणलेली चटई शेजारच्या मालिआला द्यावी. तिची वीण सैल आहे. तिने कडा उसवून पुन्हा घ्याव्यात.

३. माझी चुलतबहीण वायतोआ हिला काही देऊ नये. माझ्या मुलीच्या मयताला ती टारोच्या कंदांची टोपली घेऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "रडतेस कशाला? देवाला आवडली म्हणून नेली." मी टोपली अंगणात भिरकावली होती. देवाविषयीचा माझा राग गेला, वायतोआविषयीचा गेलेला नाही. तिने माझ्या दफनाला यावे, जेवावे, पण बोलू नये.

४. घरातले मोठे पवित्र शास्त्र, म्हणजे आमचे बायबल, ज्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर आमच्या घरातले जन्म आणि मृत्यू लिहिले आहेत, ते मी सेफो, आमच्याच गावातल्या ताउसीचा मुलगा, याला देते.

हे वाचून पोआसाच्या कपाळाची शीर उठेल, म्हणून कारण लिहून ठेवते.

माझी मुलगी लुपे वीस वर्षांची होती, शिक्षिका व्हायला शिकत होती. २००४ साली सेफो दारू पिऊन गाडी चालवत होता आणि लुपे मागच्या हौद्यात बसली होती. गाडी पुलावरून खाली गेली. सेफोचा हात मोडला. लुपे गेली.

तिसऱ्या दिवशी पहाटे सेफोचे सगळे कूळ आमच्या दारासमोर येऊन बसले. सर्वांत पुढे सेफो, डोक्यावर तलम चटई पांघरून, खाली मान घालून. आमच्यापैकी कोणी ती चटई उचलेपर्यंत ते हलणार नव्हते. ऊन चढले. मी आतून ओरडले, "उएले, उचलू नकोस! बसू दे, वाळून जाऊ दे!" माझा नवरा बाहेर गेला आणि त्याने चटई उचलली. गावाच्या लेखी माफी झाली. माझ्या लेखी नाही. ती चटई मी डुकरांच्या गोठ्यात टाकली. सेफो चार वर्षे तुरुंगात होता आणि मी त्याहून जास्त वर्षे नवऱ्याशी कामापुरतेच बोलले. प्रार्थनेला जायचे, पण ओठ उघडायचे नाहीत.

२०१० साली उएलेला अर्धांगवायू झाला. आमच्या गावात संध्याकाळी शंख वाजला की घराघरांत शास्त्र वाचतात. वाचणारा आता आडवा पडला होता. तो नुसता पुस्तकाकडे बघायचा. चिडून मी एक दिवस उघडले आणि उघडेल ते वाचले. ते एक स्तोत्र होते. त्यात एक माणूस देवाला जाब विचारतो, तू माझी माणसे माझ्यापासून का तोडलीस म्हणून, आणि शेवटपर्यंत त्याला उत्तर मिळत नाही. अंधारातच ते संपते. मला वाटले, पाने गळली असतील. मागेपुढे पाहिले. गळली नव्हती. मग मी इतकी रडले की उएलेने चालणाऱ्या हाताने माझ्या झग्याची कड धरून ठेवली. माझ्या मनातले सगळे कडू शब्द या पुस्तकात कोणीतरी आधीच बोलून ठेवले होते आणि देवाने ते खोडले नव्हते. त्यानंतर दोन वर्षे, उएले जाईपर्यंत, मी रोज वाचले. लुपेचे नाव पुन्हा तोंडाने घेऊ लागले.

उएलेच्या मागोमाग सेफोची आई ताउसी अंथरुणाला खिळली. चर्चचे पाळक परगावी होते. तिने निरोप पाठवला, सिनिवाने येऊन वाचावे. मी तीनदा निघाले आणि तीनदा वाटेतून परतले. चौथ्यांदा गेले. तेच स्तोत्र वाचले. सेफो बाहेर नारळाखाली पाठ करून बसला होता. मी निघताना वर न बघता म्हणाला, "मावशी, परत वाचाल का तेच?"

मी म्हटले, "तुला कशाला हवंय?"

"त्यात कुणी म्हणत नाही, की सगळं ठीक होईल."

मी परत वाचले. ही माफी होती का, मला ठाऊक नाही. पण पुढच्या आठवड्यातही गेले. त्यानंतर ताउसी वारली तरी दर रविवारी दुपारी आम्ही दोघे वाचतो. सेफोने दारू सोडली आहे. माझ्या छपराचा पत्रा त्यानेच बदलला. त्या पानावरचे लुपेचे नाव त्याने बोटाने शोधून वाचले आहे. माझ्यामागे हे पुस्तक उघडून वाचणारा माणूस दुसरा कोणी नाही.

५. हे पाळक इलाइआ यांना दाखवले तेव्हा ते म्हणाले, "सिनिवाताई, पोआसाला आधीच सांगा. नाहीतर मूठमाती देतानाच हाणामारी व्हायची." म्हणून काल फोन केला.

पोआसा म्हणाला, "आई, भूल द्यायच्या आधीच चढली का तुला? ज्याने मारलं त्याच्या हातात लुपेचं नाव?"

"वाचलंय का तू कधी ते पुस्तक?"

"मला नाही वाचायचं. मी येतोय." फोन ठेवला.

रात्रभर डोळा लागला नाही. तो बहिणीच्या थडग्यावर हात ठेवून बोलला होता, की सेफोने आमच्या अंगणात पाय ठेवला तर पाय तोडीन. तरी चौथे कलम मी बदलत नाही. माझ्या दफनाच्या दिवशी दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या अंगावर गेला तर मला मूठमाती देऊ नये.

६. हे आज दुपारी लिहिते. पोआसा सकाळच्या विमानाने आला. चपला न काढता उभ्यानेच त्याने सगळी कलमे वाचली. चौथे दोनदा वाचले. मग विचारले, "कुठलं स्तोत्र?" मी उघडून दिले. पुस्तक घेऊन तो पायरीवर बसला, माझ्याकडे पाठ करून. तासभर मी डाळिंबी रंगवलेली केवड्याची तीच ती पात चिरत राहिले. आत आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, "पेन दे." खालचे शब्द त्याचे आहेत. मी त्यांत काना-मात्राही बदललेला नाही.

"मी पोआसा, हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कबूल करतो. चौथे कलम मला पटलेले नाही. सेफोशी मी बोलेन असे वचन देत नाही. पण पुस्तक दुसऱ्या कोणाबरोबर पाठवणार नाही. त्याच्या दारात जाऊन माझ्या हाताने देईन. (सही) पोआसा"

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळणार नाही आणि ज्यांच्या देखत मी सही केली:
१. इलाइआ, पाळक, फालेसिना (सही)
२. फेआउ, परिचारिका, फालेसिना (सही)

ठिकाण : फालेसिना
मंगळवार, १४ ऑगस्ट २०१८
(सही) सिनिवा