अर्धा खोका आणि सासूबाई

चि. मेव्हणेबुवांस,

आशीर्वाद. तुझी पाठदुखी थांबली असेल अशी आशा आहे. नसेल तर जरा राहू दे, कारण आमच्या घरातल्या सगळ्या गोंधळाचं मूळ तूच आहेस.

जुन्या कॉम्प्युटरमधले फोटो नव्यात कसे न्यायचे, एवढंच मी तुला फोनवर विचारलं होतं. तू म्हणालास, यंत्रांची पद्धत अगदी साधी असते. फाइलचे सारखे तुकडे करायचे, एक पाठवायचा, पलीकडून ‘पोचला’ आलं की पुढचा. उत्तर नाही आलं तर तोच पुन्हा. आणि एखादा तुकडा मापाला कमी आला, की तो शेवटचा. (एवढं शहाणपण मला माणसांत कधी दिसलं नव्हतं.) फोटो राहिले बाजूला, मी घरच या पद्धतीने हलवायचं ठरवलं.

तुझी ताई आणि सासूबाई जुन्या घरी, मी नव्या. सगळे खोके एका मापाचे, काठोकाठ भरलेले, आणि टेम्पोत एका वेळी एकच. टेम्पोवाला म्हणाला, "साहेब, सगळं एका खेपेत बसतंय की!" मी त्याला पद्धत समजावली; तेव्हापासून तो माझ्याशी हळू आवाजात बोलतो. मध्येच मी अंघोळीला गेलो आणि ‘पोचला’ कळवायचं राहिलं. ताईने नियमाला धरून तोच खोका परत मागवला आणि पुन्हा पाठवला. (त्यात कुकर होता. त्याची शिट्टी अजून सापडत नाही.)

मग सासूबाईंना थंडी वाजली, आणि त्यांनी बांधलेल्या खोक्यातून आपली शाल काढून घेतली. खोका आला तो अर्धा! म्हणजे शेवटचा! मी टेम्पोवाल्याला मोकळं केलं, दार लावलं, फोन बंद केला आणि ताणून दिली. तिकडे मायलेकी उरलेल्या खोक्यांमध्ये एका शालीत बसून राहिल्या. संध्याकाळी रिक्षाने आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, शाल काढली म्हणून मीही वजा का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. (चूक शालीची आहे, पण हे बोलायची सोय नाही.)

तुझा,
भावोजी

ता.क. सासूबाई रागावून तुझ्याकडे निघाल्या आहेत. हे पत्र त्यांच्याच पिशवीतून येतंय. पोचल्या तरी ‘पोचल्या’ म्हणून कळवू नकोस. तुझी ताई बॅग भरून बसली आहे. निरोप आला की पुढचा नग ती.

ता.क. २. निरोप नाही आला, तर मला तोच नग पुन्हा पाठवायला हवा, आणि त्यासाठी तो आधी माझ्याकडे हवा. तेव्हा त्यांना चहा पाज आणि परत घेऊन ये. त्यांची पिशवी दारात दिसल्यापासून नवं घर खायला उठलंय. मी जिन्यात उभा राहून सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं ‘पोचल्या’ म्हणेन, आणि पुन्हा पाठवणार नाही.