पाचवं शील

शुक्रवार पेठ, सोलापूर
१२ एप्रिल

पप्पा,

जयभीम. आम्ही बरे आहोत. ऊन फार आहे; आई दुपारी खिडकीला ओला टॉवेल लावते. होटगीला दगडाबाई आत्याकडे तुमचं जेवण वेळेवर होतं, असं सतीशदादा सांगत होता.

फोनवर तुम्ही सगळ्यालाच हो म्हणता, म्हणून पत्र लिहिते आहे.

माझ्या लग्नाची पत्रिका सोबत आहे. विहाराशेजारचा हॉल मिळाला. रत्नदीप कुर्डुवाडीहून फोन करतो तेव्हा दर वेळी विचारतो, "पप्पा येणार ना?" आई म्हणाली, "बोलवायचं तर तूच सांभाळ." मग तिनेच तुमचा पांढरा शर्ट धुऊन इस्त्रीला टाकला.

लहानपणी पौर्णिमेला विहारात मी तुमच्या शेजारी उभी राहायचे. पंचशीलातली पहिली चार शीलं तुम्ही खणखणीत म्हणायचा. पाचवं आलं की तुमची मान खाली जायची. मद्यापासून दूर राहण्याचं ते शील मग मी तुमच्या वाटचंही म्हणायचे, ओरडून. मनकर्णामावशी म्हणायच्या, "ह्या पोरीचं पाचवं लई मोठं हाय की!" बायका हसायच्या. मला ते कौतुक वाटायचं.

एकदा घरी येताना मी विचारलं, तुम्ही ते का म्हणत नाही.

"जे आपल्यानं व्हत न्हाय, ते हात जोडून म्हणू न्हाय, बाळा."

तेव्हाही तुमच्या तोंडाला वास येत होता. तरी त्या एका वाक्यावर मी बरीच वर्षं काढली. दहावीच्या निकालादिवशी तुम्हाला रिक्षात घालून घरी आणलं, तेव्हासुद्धा. माझे पप्पा पितात, पण खोटं बोलत नाहीत, असं मी मैत्रिणींना सांगायचे.

साखरपुड्याबद्दल आपण अजून बोललो नाही. तुम्ही पिऊन आलात, त्याची तयारी मी मनात केली होती. पण त्या दिवशी तुम्ही पाचवंही म्हणालात. सगळ्यांत मोठ्यानं, माझ्याकडे बघत. मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या, सुटली एकदाची दारू!" लोक हसले. तुम्हीही हसलात. मी रत्नदीपशेजारी हात जोडून उभी होते, आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडातून ते शील निघालं नाही.

हे मी आईला सांगितलेलं नाही.

लग्नाला या. न पिता आलात तर मला काय वाटेल, ते लिहीत नाही. नाही जमलं तरी या. पण मग पाचव्याला पूर्वीसारखे गप्प राहा. लोक काय म्हणतील ते म्हणू देत.

मी समोर स्टेजवर असेन, तुमच्यापासून लांब. या वेळी मी ते हळू म्हणणार आहे. तुमच्याकडून काय येतं, ते मला ऐकू यायला हवं.

शर्ट सतीशदादा आणून देईल. कॉलर थोडी विरली आहे, पण दिसत नाही.

तुमच्या शेजारी उभी राहायची ती,
बुद्धप्रिया